सहकुटुंब सहपरिवार २१ किलोमीटर

एकट्याने पळायचं आणि त्यासाठी दोन गाड्या भरून वऱ्हाड न्यायचं, ही रीत ज्याने पाडली त्याला आमच्या सोसायटीत मॅरेथॉनबाबा म्हणतात. असा एक बाबा हल्ली पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत असतो. वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी आयटीत किंवा बँकेत, दोन मुलं, एक गृहकर्ज. कधीतरी वार्षिक तपासणीच्या कागदावर कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो. डॉक्टर म्हणतात, रोज अर्धा तास चालत जा. वर्षभराने हा माणूस पहाटे पाच वाजता बोपदेव घाटात पळताना सापडतो, आणि त्याच डॉक्टरांकडे गुडघा दाखवायला जातो.

पळणं हा बिनखर्चाचा छंद आहे, असं बाबा सुरुवातीला घरात सांगतो. मग बूट यायला लागतात. एक जोड रोजचा, एक लांबच्या पल्ल्याचा आणि एक तळव्यात कार्बनची पट्टी असलेला, वीस-बावीस हजारांचा, जो शर्यतीच्या दिवसाखेरीज खोक्याबाहेर निघत नाही. "जास्त घातला तर संपतो," असं बाबा सांगतो. पायताण घातल्याने संपतं म्हणून घालायचं नाही, हे त्याच्या आईने सत्तर वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं. पाठोपाठ मनगटावर घड्याळ येतं. रात्री झोप लागली होती की नाही, हे ते घड्याळ त्याला सकाळी कळवतं.

बाबाच्या वर्षातला मुख्य सोहळा म्हणजे सातारा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली, २०१५ मध्ये डोंगरावरच्या शर्यतीत सर्वाधिक माणसं पळाली म्हणून तिचं नाव गिनेस बुकात गेलं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरातला तो एक रविवार पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत गणपतीच्या तारखेइतक्या लवकर पाहून ठेवला जाऊ लागला. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, वर वळायचं, त्याच वाटेने उतरायचं. अंतर २१ किलोमीटर आणि थोडं. हे थोडं म्हणजे साडेसत्त्याण्णव मीटर. ते आम्हाला पाठ आहे, कारण बाबाच्या घरी चहा प्यायला गेलं की बिस्किटाबरोबर तेही मिळतं.

"म्हणजे अर्धीच ना रे?" त्याची आई दरवर्षी विचारते. "पुरी नाही जमत?"

मग बाबा पुरीचा इतिहास सांगतो. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू केली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपवली, त्यातून ते ४२.१९५ किलोमीटर आले आणि पुढे १९२१ मध्ये तेच कायम झाले. वहिनी पोळी लाटता लाटता ऐकत असतात. "त्यांच्या घरच्यांना बसल्या जागी दिसावं, एवढी सोय केली होती ना? मग आम्हाला पहाटे साडेचारला गल्लीत का उभं करतोस?"

बाबाला एकट्याने जाताच येत नाही, हीच खरी गोम. पळणारे असंख्य लोक शनिवारी रात्री एसटीने येतात, पळतात आणि दुपारच्या एसटीने परत जातात. बाबाला मात्र नवरदेवासारखं जायचं असतं. बायको हवी, दोन्ही मुलं हवीत, आई हवी ('तिला जरा हवापालट'), मेहुणा आणि त्याची बायको हवी. शेजारी म्हणून मीही असतो, सपोर्ट टीम या हुद्द्यावर. सपोर्ट टीम म्हणजे स्वेटर धरणारा माणूस. मेहुण्याची नोंदणी बाबाने परस्पर केलेली असते. नोंदणी उघडली की भराभर भरते, त्यामुळे विचारायला वेळ नव्हता, हे कारण. मेहुण्याने शेवटचं पळणं कॉलेजात कंडक्टरच्या मागे केलं होतं.

निघायच्या आधी चार दिवस घरात भाताचं राज्य असतं. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन साठवायचं, कारण दीड-दोन तासांच्या जोरदार पळण्यात तेच उपयोगी पडतं, हे शास्त्र बरोबर आहे. पण ते बाबा एकटाच साठवत नाही, घरदार साठवतं. दुपारी भात, रात्री बटाटा, मधे साबुदाणा. बाबा ते घाटात जाळून येतो. बाकीच्यांचं दिवाळीपर्यंत अंगावर राहतं.

शनिवारी साताऱ्यात पोचल्यावर पहिलं काम बिब घेण्याचं. त्या कागदी नंबराचा फोटो, नंबर धरलेल्या बाबाचा फोटो, नंबर धरलेल्या बाबाशेजारी आईचा फोटो. मग मोती चौकात कंदी पेढे. गावात येऊन सगळे पेढे खातात आणि बाबा बघतो, कारण शर्यतीच्या आदल्या दिवशी पोटात नवीन काही टाकायचं नसतं. "पेढा नवीन?" आई विचारते. "तुझ्या बारशाला वाटला होता."

दुसरा विषय कासचा. शर्यत नेमकी पठारावर फुलं येण्याच्या दिवसांत असते. तेरडा, सीतेची आसवं, सगळं वर फुललेलं, आणि आपण खाली शंभर रुपयांच्या पार्किंगवरून भांडतोय. वहिनी म्हणतात, आज जाऊन येऊ. बाबा म्हणतो, आज पाय वाचवायचे आहेत. उद्या? उद्या पाय नसतील. गंमत म्हणजे शर्यतीचा रस्ता कासचाच. या कुटुंबातला एकच माणूस दरवर्षी कासच्या दिशेने जातो, आणि तो साडेदहा किलोमीटरवरून परत फिरतो.

शनिवारच्या संध्याकाळची एक गोष्ट मात्र बाबा स्वतःहून कोणाला सांगत नाही, म्हणून मीच सांगतो. तीनेक किलोमीटर हलकं पळायचं म्हणून तो मैदानावर गेला, मी स्वेटर धरून मागे. तिथे पोलीस भरतीची पोरं सराव करत होती. भरतीत पोरांना १६०० मीटर पळावं लागतं, आणि त्यातल्या सेकंदांवर नोकरी ठरते. कोणाच्या पायात फाटके कॅनव्हास, दोघं तर अनवाणीच. "काका, साइड," म्हणत ती पोरं बाबाच्या दोन्ही अंगांनी निघून गेली. फेरी संपल्यावर एकजण आला आणि म्हणाला, तुमचं घड्याळ भारी दिसतंय, आमचं टायमिंग लावता का? बाबाने लावलं. कठड्याशी उभं राहून त्याने एकेकाचा आकडा मोठ्याने सांगितला. एक पोरगा म्हणाला, आमच्या माणमधल्या मोहीची ललिता बाबर रिओला स्टीपलचेसच्या फायनलमध्ये पळाली, माहितीय ना? बाबाला माहीत होतं, दहावी आलेली तेही माहीत होतं. पण तो नुसता हो म्हणाला. परतीच्या वाटेवर त्याने स्वतःच्या पेसबद्दल चकार शब्द काढला नाही. जेवायला बसेपर्यंत ते टिकलं.

रविवारी पहाटे साडेतीनला लॉजच्या खोलीत दिवा लागतो. व्हॅसलीन कुठे कुठे लावतात याची माहिती मुलांना त्या वयात व्हायला नको होती. चार सेफ्टी पिनांनी नंबर सरळ बसवायला वहिनींना वीस मिनिटं लागतात, कारण तो डावीकडे दोन मिलिमीटर झुकलेला असतो. मग बाबा सगळ्यांना आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठवलेला तक्ता पुन्हा समजावून सांगतो. कोणी कुठे उभं राहायचं, किती वाजून किती मिनिटांनी तो तिथे येईल, व्हिडिओ आडवा घ्यायचा की उभा. मेहुणा या वेळी पांघरुणात असतो. त्याचं धोरण असं की शर्यत सुरू होताना उठलं तरी चालतं.

आम्ही समर्थ मंदिरापाशी उभे. रस्त्यावर ढोल, शाळेची पोरं टाळ्या द्यायला हात पुढे करून, दारादारांत आज्या. सातारकर अनोळखी माणसासाठी जेवढं ओरडतात, तेवढं पुण्यात सख्ख्या भावासाठी कोणी ओरडत नाही. हे मी पुणेकर म्हणून लिहितोय. बाबाच्या आईला घडीची खुर्ची दिली होती. तिने पिशवीतून बाबासाठी सोलून आणलेली संत्री काढली आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर फोड ठेवायला सुरुवात केली. "घे बाळा. घे, पोट कसं आत गेलंय." मुंबईचे, कोल्हापूरचे, एक केनियन वाटणारा पण निघाला सांगलीचा. बाबा आला तेव्हा डबा रिकामा.

"आई, संत्रं?"

"तू घरी रोज खातोस."

मुलगी व्हिडिओ काढत होती. तो तिने आडवा, स्थिर आणि अतिशय सुरेख काढला. बाबासारखाच निळा टी-शर्ट घातलेल्या भलत्याच गृहस्थाचा. बाबा आजही म्हणतो की आम्हाला गर्दीत शोधण्यात त्याचे अकरा सेकंद गेले, आणि घड्याळाचा आलेख उघडून तो खड्डा दाखवतो.

घाटात काय झालं हे आम्ही पाहिलं नाही, ऐकलं पुष्कळ. धुकं होतं, भुरभुर पाऊस होता, नवव्या किलोमीटरला बाबा चालला. पण 'चालला' असं म्हणायचं नाही, 'स्ट्रॅटेजिक वॉक ब्रेक' म्हणायचं. मेहुणाही वर गेला. प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी तो थांबला, केळी खाल्ली, चिक्की खाल्ली, स्वयंसेवकांची गावं विचारली. एका टेबलावरच्या मुलाचे वडील त्याच्याच कंपनीच्या कोल्हापूर शाखेत निघाले. शेवटाला शेवट जोडून तो पोचला तेव्हा त्याच्या गळ्यात बाबासारखंच पदक पडलं, तेवढ्याच वजनाचं. बाबाला याचा फार त्रास झाला. त्याची वेळ गेल्या वर्षीपेक्षा दोन मिनिटांनी वाढली होती.

तोवर रस्ते बंद म्हणून गाडी लांब, आणि बॅगा, खुर्ची, सासूबाई सांभाळत वहिनी तीन ठिकाणं पायी फिरल्या होत्या. त्यांच्या फोनने १४ हजार पावलं दाखवली. त्याचा फोटो कोणी काढला नाही.

चढ दमवतो, पण मांड्या मोडतात उतारावर. प्रत्येक पावलाला ब्रेक लावताना स्नायू ताणला जातो, आणि त्याचं दुखणं दुसऱ्या दिवशी भरात येतं. हे सगळं बाबाने आम्हाला लॉजच्या जिन्यावर, उलटं उतरत, कठडा धरून समजावलं. खाली आल्यावर वहिनींनी सहज सांगितलं की कासचं ऑनलाइन बुकिंग त्यांनी महिन्यापूर्वीच केलंय, आज दुपारचं. सात जणांचं.

आम्ही आठ होतो.

बाबा काही बोलला नाही. गाडीच्या मागच्या सीटवर त्याने पाय खिडकीबाहेर काढून ठेवले होते. आम्ही निघालो तसं त्याने मुलीला हाक मारली, मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि तिच्या हाताला बांधलं. "फिरायला लागलीस की हे बटण दाब. आणि मधे थांबलीस तरी बंद करू नकोस, आपोआप थांबतं ते."

पोरगी आजीच्या चालीने पठार फिरली. संध्याकाळी खंबाटकी उतरताना सगळ्यांचे फोन एकदम वाजले. बाबाच्या नावावर स्ट्राव्हावर 'रिकव्हरी वॉक, कास' अशी नोंद झाली होती, सोबत फुलांचे नऊ फोटो. सगळ्यात आधी अंगठा मेहुण्याने दिला.