रोपाची दिशाभूल कशी करावी

घरात आपलं कुणी ऐकत नसेल, तर निदान एखादं रोप तरी आपल्या मर्जीने वाढवावं असं वाटणं स्वाभाविक आहे. सदर मार्गदर्शन अशाच गरजूंसाठी.

साहित्य: मोड आलेले वाल, काचेचा ग्लास, ओला टिपकागद, एक अंधारं कपाट आणि थोडा खुनशीपणा. कपाट अंधारंच हवं. उजेड दिसला की शेंडा तिकडे वळतो आणि प्रयोगाचा विचका होतो.

टिपकागद ग्लासला आतून लावून काचेच्या नि कागदाच्या मध्ये वाल खोचावेत. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की ग्लास आडवा करून कपाट बंद करावं. काही तासांनी पाहाल, तर मुळाचं टोक खाली वळू लागलेलं. ग्लास उलटा करा, पुन्हा तेच. चिडू नये. मुळाच्या टोकावर एक इवलीशी टोपी असते, तिच्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. तांदळाच्या धुवणातलं पीठ बसावं तसे ते तळाशी बसतात. ग्लास फिरवला की काही मिनिटांत नव्या तळाला सरकतात. खाल कुठली, हे रोपाला त्यांच्यावरून कळतं.

मग टोपीच उडवावी. मक्यावर हे जमतं. नाजूक हाताने फक्त टोपी काढली तर मूळ वाढतं, पण आडवं ठेवलं की आडवंच जात राहतं. विजयाचे पेढे लगेच वाटून घ्यावेत, कारण नवी टोपी आली की मूळ पुन्हा खाली.

आता लाच देऊन पाहू. रोपात ऑक्सिन नावाचं संप्रेरक असतं आणि रोप आडवं झालं की ते खालच्या अंगाला जास्त जमतं. खोडात त्यामुळे खालच्या पेशी जास्त लांबतात आणि शेंडा वर उचलला जातो. मुळात मात्र त्याच ऑक्सिनने खालची वाढ अडते, वरची बाजू पुढे जाते आणि टोक खाली झुकतं. हुकूम एकच, दोन खात्यांत अंमलबजावणी अगदी उलट, तरी दोन्हीकडे काम चोख! (संबंधितांनी नोंद घ्यावी.) नेदरलँड्समध्ये फ्रिट्स वेंट यांनी 1926 च्या सुमारास ओटच्या कोंबांचे कापलेले शेंडे अगरवर, म्हणजे आपल्या चायना ग्रासवर, ठेवले. मग त्या अगरचा तुकडा बिनशेंड्याच्या कोंबावर एका कडेला बसवला. अंधारात कोंब निमूटपणे दुसऱ्या बाजूला वाकला.

एवढ्याने समाधान होत नसेल तर थॉमस नाइट यांचा कित्ता गिरवावा. या इंग्रज गृहस्थांनी 1806 मध्ये पाण्यावर फिरणाऱ्या उभ्या चाकाला बिया बांधून त्यांना मिनिटाला सुमारे 150 गरके दिले. मुळं चाकाबाहेर गेली, कोंब मध्याकडे. चाकाच्या बाहेरची बाजू हीच खाल, असं बियांना पटलं होतं. आजवरची सर्वांत देखणी फसवणूक हीच, असं आमचं मत आहे. गैरसोय इतकीच, की चाक दिवसचे दिवस अखंड फिरवावं लागतं आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात.

प्रयोग संपल्यावर लांब मुळांचे ते वाल उसळीत घालू नयेत, निबर लागतात. कुंडीत लावावेत. लावताना उलटे पडले की सुलटे, हे बघत बसू नये. त्यांचं ते पाहून घेतात.