वयाच्या रकान्यास खुले पत्र

श्री. वयाचा रकाना,
मु. पो. कर्करोग नोंदणीचा फॉर्म

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्ही रिकामे असता अशी आवई उठली आहे. साफ खोटं! तुम्ही नेहमी भरलेलेच असता. कशाने, ते विचारू नये.

परंडा तालुक्यातली कुठलीही आजी घ्या. वय विचारलं की म्हणणार, "घाला साठ-पासष्ट." खोदून विचारलं तर, "थोरला बहात्तरच्या दुष्काळातला. खडी फोडायला जायची तवा पोटात हुता." आधार कार्डावर मात्र जन्म 1 जानेवारी 1965. म्हणजे आजी सातव्या वर्षी बाळंत झाली! थोरल्याचा वाढदिवस अर्थातच 1 जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तो अर्ध्या गावाला एकच दिला.

तुमचे कप्पे पाच-पाच वर्षांचे. आमच्याकडे माणूस पन्नासचा असतो, नाहीतर साठचा. अठ्ठावन्नचा सहसा सापडत नाही. त्यामुळे साठ ते चौसष्टच्या कप्प्यात गर्दी, शेजारी शुकशुकाट. आजाराने इतकी शिस्त कुठून आणली, असं अभ्यासकांना वाटायला नको, म्हणून कळवलं.

देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली बार्शीला सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम. गाठ आली तरी माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही, हे ओळखून तिथले कार्यकर्ते स्वतःच गावोगाव गेले. त्यांची थट्टा करायची आमची छाती नाही. पण रुग्ण मोजून भागत नाही. त्या वयाची एकूण माणसं किती, तेही लागतं. ती मिळतात जनगणनेतून. 2021 ची त्या साली झालीच नाही, मग 2011 चीच माणसं कागदावर वाढवत न्यायची. कागदावर कुणी पुण्याला जात नाही, हे बरं.

आता जरा खाजगीतलं. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची 2019 साली सरकारी समितीने पाहणी केली. 82 हजारांवर बाया. त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. पाळीमुळे खाडा नको, मुकादमाचा दंड नको, आणि वर काही डॉक्टरांचं ठेवणीतलं वाक्य: "नाही काढली तर कॅन्सर होईल." रोग मोजायला सरकारला फॉर्म लागतो. त्याच्या भीतीचा मात्र रोख हिशेब होतो, आणि त्यासाठी कर्ज काढावं लागतं.

या बाया तुमच्या कप्प्यांत आजही हजर आहेत. ज्यांना गर्भाशयच उरलं नाही, त्याही गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण काढताना भागाकारात खाली बसतात आणि आकडा खाली आणतात. एखाद्या वार्षिक अहवालात हा उतार कुणाच्या नजरेस पडला, तर सत्कार कुणाचा करायचा, तेवढं उलट टपाली कळवा. शाल-श्रीफळ तयार आहे. मुकादम की डॉक्टर, एवढंच अडलं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नोंदलेला नागरिक
(जन्म 1 जून)