घातवार अकरा जानेवारी

जिमचा संकल्प संक्रांतीला मोडतो. त्यात गूढ काही नाही. गुळाच्या पोळीवर तुपाची धार पडली की ट्रेडमिल आपोआप बंद होते, आणि वर्षाची फी आधीच भरलेली असल्यामुळे जिमवालाही ‘का हो, दिसला नाहीत?’ असं विचारायला फोन करत नाही. साखर सोडणं, डायरी लिहिणं, पहाटे टेकडी चढणं हे बाकीचे संकल्पही आपापल्या सवडीनं निवर्ततात. पण ‘यंदा काहीतरी अभिजात वाचायचंच’ हा संकल्प नेमका अकरा जानेवारीला का आटोपतो, याचा छडा आता लागला आहे. निदान आमच्या सोसायटीपुरता तरी.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँकवाले काका राहतात. एकतीस डिसेंबरच्या रात्री गच्चीवर बाकीचे पावभाजीच्या रांगेत उभे असताना त्यांनी जाहीर केलं, ‘दासबोध. रोज एक समास.’ माणूस बँकेतला, हिशेब पक्का. वीस दशकं, प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे एकूण दोनशे. १ जानेवारीला सुरुवात केली की १९ जुलैला ग्रंथ हातावेगळा. पुढचे साडेपाच महिने ‘आमचा दासबोध झाला, तुमचं काय चाललंय?’ असं लोकांना विचारायला मोकळे. ज्ञानेश्वरीचाही विचार त्यांनी केला होता, पण तिथं ओव्या नऊ हजारांच्या घरात. रोज पंचवीस धरल्या तरी डिसेंबर उजाडतो, आणि डिसेंबरात काकांना मुलाकडे बंगळुरूला जायचं असतं.

पहिले दहा दिवस दृष्ट लागण्याजोगे गेले. दासबोधाचं पहिलं दशक स्तवनाचं आहे. एक तारखेला ग्रंथारंभ, दोनला गणेश, तीनला शारदा, चारला सद्गुरू, पाचला संत. रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. उघडा ग्रंथ, शेजारी चष्मा, चहाचा कप आणि कुंडीतलं जास्वंदीचं एक फूल, जे नंतर काकू देवाला वाहत. सहा तारखेला समर्थ चक्क श्रोत्यांची स्तुती करतात. त्या दिवशी काका लिफ्टमध्ये जरा जास्तच ताठ उभे होते. आठला सभेची स्तुती आली, तेव्हा त्यांनी सोसायटीच्या थकीत मेंटेनन्सच्या बैठकीत परमार्थावर चार शब्द बोलायची परवानगी मागितली आणि न मिळताच बोलले. दहाला नरदेहाची थोरवी. शुगर वाढलेली असली तरी देह तो नरदेहच, या समाधानात काका झोपले.

आणि अकरा तारखेला दुसरं दशक उघडलं. समास पहिला, मूर्खलक्षण.

ज्यांनी तो वाचलेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. (वाचलेलेही ‘वाचलेला नाही’ असंच सांगतात, त्यामागे कारण आहे.) समर्थ एकेका मूर्खाला समोर उभं करतात, त्याचं काय चुकतं ते एका ओळीत सांगतात आणि पुढच्याला हाक मारतात. यादी काही केल्या संपत नाही. आपणच आपली स्तुती करणारा, मूर्ख. बाकी सगळे जागे असताना मध्येच झोपणारा, मूर्ख. दुसऱ्याच्या घरी जाऊन भरपेट हादडणारा, मूर्ख. दोघं बोलत असताना तिसरा जाऊन बसणारा आणि वर दोन्ही हातांनी डोकं खाजवणारा, तोही मूर्ख. साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या ग्रंथात आमच्या सोसायटीच्या कट्ट्याचं इतकं तपशीलवार वर्णन कसं आलं, हे संशोधकांनी बघावं. दोन्ही हातांनी डोकं खाजवणारे गृहस्थ आमच्याकडे बी विंगमध्ये राहतात.

एवढ्यावर भागलं असतं तर काकांनी गिळलं असतं. बँकेत त्यांनी ऑडिटरचे शेरे याहून निर्विकारपणे झेलले आहेत. पण समासाच्या शेवटाकडे समर्थ पुस्तकांवर येतात. वाचताना अक्षरं गाळणारा किंवा पदरची घालणारा, पुस्तकाची निगा न राखणारा, हे मूर्ख आहेतच. आणि मग तो एक येतो, जो स्वतः कधी वाचत नाही, दुसऱ्यालाही वाचू देत नाही, पुस्तक नुसतं बांधून ठेवतो.

काकांचा दासबोध लाल वस्त्रात गुंडाळून देवघराच्या खालच्या खणात असतो. वडिलांच्या हातचा. पुठ्ठ्यावर कुंकवाचे डाग, आत त्यांच्या वडिलांच्या पेन्सिलीच्या बारीक फुल्या. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायचा नाही, असा घरचा दंडक. अकरा तारखेला तो खणात गेला. खूण म्हणून घातलेलं विजेचं बिल अजून नरदेहस्तवनाच्या पानातच आहे. बिल भरलंय, पुढचं पान वाचायचं राहिलंय. त्या सकाळी ग्रुपवर फोटो आला नाही. एकानं काळजीनं विचारलंही, ‘काका, बरं आहे ना?’

आता एकट्या काकांना का हसायचं? बांधून ठेवण्याचं हे शास्त्र महाराष्ट्रानं फार पुढे नेलंय. निवृत्तीच्या समारंभात शाल, श्रीफळ आणि ग्रंथ मिळतो. शाल पुढच्या समारंभात दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, नारळाची वडी होते, ग्रंथ शोकेसमध्ये चढतो. हल्ली फ्लॅटच्या सजावटीत बुकशेल्फही फुटांच्या मापानं ठरतं. चार फुटांत ‘समग्र’ छापाचं काय बसेल, असं विचारणारं गिऱ्हाईक पुस्तक प्रदर्शनात मी या कानांनी ऐकलंय. विक्रेत्यानंही पापणी न हलवता मापं घेतली. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले आणि एका काकूंनी ओल्या फडक्यानं शोकेसची काच पुसली. काच उघडली मात्र नाही.

आणि माहितीत आपण कुठेही कमी नाही! ‘लीळाचरित्र’ कोणी लिहिलं? म्हाइंभटानं. स्पर्धा परीक्षेला बसलेला कुठलाही मुलगा हे झोपेत सांगेल. त्यातल्या लीळा कसल्या आहेत, हे मात्र त्याला जागेपणीही विचारू नये. चार पर्यायांत ते येत नाही.

मूर्खलक्षणातून जो जिवंत बाहेर पडेल, त्याच्यासाठी समर्थांनी त्याच दशकाच्या टोकाला आणखी एक सापळा लावून ठेवलाय. दुसऱ्या दशकाचा दहावा समास, पढतमूर्ख. रोजच्या एका समासाच्या हिशेबानं हा येतो वीस जानेवारीला. शिकूनसवरून जो मूर्खच राहतो, तो इथला नायक. ग्रंथ मुळापासून न पाहता त्याला उगाच नावं ठेवणारा, असं त्याचं एक लक्षण समर्थ देतात. वीस तारखेपर्यंत सहसा कोणी पोचत नाही म्हणून बरं, नाहीतर मराठी समीक्षेचं काही खरं नव्हतं. नेमाड्यांची ‘हिंदू’ २०१० साली आली, तेव्हा तिच्याबद्दलची मतं पुस्तकाच्या आधीच घरपोच झाली होती. मतांना पानं नसतात, त्यामुळे ती उचलायला हलकी पडतात.

सरकारला मात्र माणसाची नस बरोबर कळलेली आहे. ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम निघाला तो १ ते १५ जानेवारी २०२५ एवढ्याच मुदतीचा. वर्षाचा संकल्प करून अकराव्या दिवशी तोंडावर आपटण्यापेक्षा पंधरवड्याचा करावा आणि सोळाव्या दिवशी अहवाल पाठवावा, हे प्रशासकीय शहाणपण आहे. पुणेकर त्याहून पुढचे. डिसेंबर २०२४ मध्ये ‘शांतता... पुणेकर वाचत आहेत’ म्हणून शहरानं ठरवून एक तास वाचन केलं. पुण्यानं एक तास कोणाला काही सुनावलं नाही, यातच त्या उपक्रमाचं यश आलं, वाचन हा वरचा नफा.

मला विचाराल तर आपल्याकडे वाचनाला वेळ कमी पडत नाही, तुरुंग कमी पडतो. टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं मंडालेच्या तुरुंगात, पेन्सिलीनं. विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. त्याच साने गुरुजींनी पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. इंग्रजांनी मराठी वाङ्मयाची केलेली ही सेवा कोणी नीट नोंदवलेली नाही. मोठी पुस्तकं लिहायला जर कोठडी लागत असेल, तर ती वाचायला निदान नेटवर्क नसलेली खोली तरी लागणारच. आमच्या इमारतीत अशी एकच जागा आहे, लिफ्ट. तिथं सहावा मजला येईपर्यंत अर्धी ओवी होते.

बरं, मराठी माणसाचा संकल्प मोडला म्हणून मरत नाही. त्याला मुदतवाढीची सोय आहे. एक जानेवारी हुकला तर गुढीपाडवा आहे. तोही हुकला तर १ एप्रिलला आर्थिक वर्ष सुरू होतं. जूनमध्ये शाळा उघडतात, तेव्हा मुलांच्या वह्यांना कव्हरं घालताना बापालाही काहीतरी नव्यानं सुरू करावंसं वाटतं. त्यानंतर थेट दिवाळीचा पाडवा, पण तेव्हा दिवाळी अंक आलेले असतात. ते वाचून झाल्याशिवाय दुसरं काही हातात घ्यायचं नाही, या सबबीवर डिसेंबर निघतो. दरवेळी आरंभ पहिल्या समासापासूनच होत असल्यामुळे महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत गणेशस्तवन तोंडपाठ आहे.

परवा काका जिन्यात भेटले. लिफ्ट बंद होती, त्यामुळे टाळता आलं नाही, त्यांना आणि मलाही.

‘काय काका, कुठवर आला दासबोध?’

‘अहो, ते दुसरं दशक जरा... आजच्या काळात कितपत लागू पडतं, असा प्रश्न पडला,’ काका म्हणाले. ‘म्हटलं, ते बाजूला ठेवून थेट तिसरं धरावं. कसं काय आहे तिसरं?’

‘पहिलाच समास जन्मदुःखाचा आहे. आईच्या पोटातले नऊ महिने.’

‘सविस्तर?’

‘फारच सविस्तर. नाश्त्याच्या आधी वाचायचं नाही आणि नंतर तर मुळीच नाही.’

काका एक मजला गप्प चढले. ‘आणि चौथं?’

‘चौथ्यात नवविधा भक्ती. पहिली श्रवणभक्ती.’

‘म्हणजे ऐकायचंच ना?’ काका कठड्याला धरून थांबले, चेहरा उजळला. ‘मग प्रश्नच मिटला की! मोबाइलवर लावतो आणि फिरायला जाताना ऐकतो. तिथं ते दीडपट वेगानं पळवायचंही बटण असतं, नातवानं दाखवलंय.’ त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. ‘वाटेत मूर्ख आले, तर ते पुढे ढकलता येतील ना?’

‘येतील.’

‘मग पाडव्यापर्यंत उडवतो बघा!’