परत किती घ्याल?

धान खरेदी केंद्रावर सालेकसा तालुक्यातल्या शेतकऱ्याला कोणी सूट देत नाही. ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. काडीकचरा, पोचट दाणा, बदरंग दाणा, सगळे पाहिले जाते. सातबारा दाखवा, बारदान्याची वाट पाहा, काट्यापाशी उभे राहा. २०२५-२६ च्या हंगामात साधारण प्रतीच्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता, आणि तो पदरात पडण्याआधी मालाची अशी पारख ठरलेली. मग कधीतरी चुकारे खात्यात येतात. त्यातून उधारी फिटते, लग्नाचे निघते, आणि चार पैसे उरलेच तर माणूस आमगावच्या नाहीतर गोंदियाच्या सराफाकडे सोन्या-चांदीचे नाणे घ्यायला जातो. तिथे पारख करण्याची पाळी त्याची असते. आणि नेमका तिथेच तो गप्प राहतो.

त्याने गप्प राहू नये, एवढ्यासाठी आजचे सदर.

नाणे दागिन्यासारखे अंगावर घालायचे नसते. ते घेतले जाते ते पेटीत ठेवायला आणि अडीअडचणीला मोडायला. म्हणून ते विकत घेताना, मोडताना काय मिळेल हे आधी ठरले पाहिजे. काउंटरवर दोनच प्रश्न विचारा. आज धातूचा भाव काय? आणि हेच नाणे आत्ता तुमच्याच हातात परत दिले तर किती द्याल? दुसऱ्या प्रश्नाला सरळ आकडा आला नाही, तर उठून पुढच्या दुकानात जा. लाजू नका. पैसे तुमचे आहेत.

हिशेब करून बघू. आकडे सोपे राहावेत म्हणून चांदी ग्रॅमला २०० रुपये धरा. खरा भाव त्या दिवसाचा घ्या. दहा ग्रॅमच्या नाण्यात २,००० रुपयांची चांदी आहे. डबी, छाप, मजुरी धरून दुकानदार २,५०० मागतो. त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ७५ रुपये. तुम्ही मोजले २,५७५. दुसऱ्या दिवशी गरज पडली आणि नाणे मोडायला नेले. मजुरी गेली, जीएसटी परत येत नाही, वर पाच टक्के घट धरली. हातात १,९००. एका रात्रीत ६७५ रुपये गेले. आता हे नाणे मोडून आपलेच पैसे आपल्याला परत मिळायचे असतील, तर चांदी २०० वरून २७१ वर चढायला हवी. चांदी इतकी चढली की घरात सगळे म्हणतात, बघा, नाणे घेतले ते बरे झाले. प्रत्यक्षात त्या घराला तोवर एका रुपयाचा फायदा झालेला नसतो.

तीच चांदी शंभर ग्रॅमच्या एका तुकड्यात घेतली, मजुरी तीन टक्के पडली आणि परतीला दोन टक्के घट लागली, तर २१७ च्या आसपास भाव आला की पैसे मोकळे. चांदी तीच, गावही तेच. फरक पडला तो केवळ मजुरी आणि घटीमुळे.

आता सराफाची बाजू, आणि ती मी मनापासून मांडतो. धातूच्या भावावर काहीतरी जास्त घेणे ही लूट नव्हे. कोणीतरी चांदी चोख केली, ठसा कोरला, नाणे पाडले, तपासले, आपल्यापर्यंत आणले. दुकानदाराने स्वतःचे भांडवल त्यात अडकवले. या सगळ्याचे पैसे द्यायलाच हवेत. एक ग्रॅमच्या नाण्याला ठसा, तपासणी आणि पाकीट यांचा खर्च जवळपास दहा ग्रॅमच्या नाण्याएवढाच येतो, म्हणून लहान नाणे टक्केवारीत महाग पडणार. जगभर असेच आहे. अमेरिकेची टांकसाळ आपले ‘ईगल’ सोन्याचे नाणे घाऊक व्यापाऱ्यांना देताना एक औंसाच्या नाण्यावर ३ टक्के, अर्ध्यावर ५, पाव औंसावर ७ आणि दशांश औंसावर ९ टक्के जादा आकार लावत आली आहे. तो आकार जाहीर असतो. घेणाऱ्याला तो सौद्याच्या आधी ठाऊक असतो. न्याय्य आकार म्हणजे हाच: आधी सांगितलेला आणि मालाच्या वजनाशी ताळमेळ असलेला.

म्हणून पाच जणांना पाच लहान नाणी घेण्याऐवजी घरात एकच मोठे घ्या. ओवाळणीला, बारशाला, पूजेला लहान नाणे हवे असेल तर खुशाल घ्या. तो आनंदाचा खर्च आहे आणि आनंदाला पैसे लागतात. त्याला बचत म्हणू नका, इतकेच.

सगळ्यांत जास्त सावध राहायचे ते ‘मजुरी शून्य’ अशा पाटीपुढे. फुकट कोणी नाणे पाडत नाही. मजुरी शून्य असेल तर ती भावात शिरलेली असते, परतीच्या घटीत दडलेली असते, नाहीतर शुद्धतेत. मुंबईची इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन सोन्या-चांदीचे दर कामकाजाच्या दर दिवशी जाहीर करते, त्यात जीएसटी आणि मजुरी धरलेली नसते. मोबाईल सालेकशातही चालतो. दुकानात शिरण्याआधी तो दर पाहा आणि फळ्यावरच्या दराशी ताडून बघा. मग नाण्यावरचा आकडा वाचा. ९९९ म्हणजे चोख. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, बाकी दुसरा धातू. गिन्नी याच बावीस कॅरेटची असते. तिचे वजन आठ ग्रॅमला किंचित कमी आणि त्यात चोख सोने सुमारे ७.३२ ग्रॅम. तिला चोवीस कॅरेटचा भाव लावला, तर तिथल्या तिथे आठ टक्क्यांहून जास्त पैसे तुमच्या खिशातून गेले.

आणि आता जुन्या रुपयांविषयी, कारण या भागात खरा तोटा तिथे होतो. दरेकसा, सालेकसा, पलीकडे छत्तीसगडच्या हद्दीपर्यंत जुन्या घरांतून अजून कलदार रुपये निघतात. कुठे माळेत ओवलेले, कुठे लक्ष्मीपूजनाच्या तबकात, कुठे फडक्यात बांधून कणगीत ठेवलेले. राणीछाप, राजाछाप. ते विकतानाही घर नागवले जाते आणि विकत घेतानाही. कारण सगळे रुपये एकाच वजनाचे आणि दिसायलाही जवळपास एकसारखे, पण आतली चांदी एकसारखी नाही.

१८३५ पासून कंपनी सरकारने, पुढे इंग्रज राजवटीने पाडलेला रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. चोख चांदीचे वजन सुमारे १०.६९ ग्रॅम. दुसरे महायुद्ध सुरू झाले, चांदीची चणचण भासू लागली आणि १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्मी केली. वजन तेच ठेवले. १९४० ते १९४५ सालच्या राजाछाप रुपयात चोख चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. पुढे १९४७ च्या रुपयात चांदी उरलीच नाही, तो निकेलचा. २०० रुपयांच्याच भावाने मोजले तर जुन्या रुपयात २,१३८ रुपयांची चांदी आणि १९४० ते १९४५ च्या रुपयात १,१६६ रुपयांची. सरसकट ‘जुना चांदीचा रुपया’ म्हणून एकाच भावाने घेणारा माणूस दर नाण्यामागे हजाराच्या घरात जास्त मोजतो. तेच उलट, आजीची माळ मोडायला नेणाऱ्या घराला सगळे रुपये ‘अर्ध्या चांदीचे’ ठरवून पैसे दिले गेले, तर तितकेच पैसे त्या घराने गमावले. साल नाण्यावरच छापलेले असते. भिंग लावा, शाळेतल्या पोराला वाचायला लावा, सालाप्रमाणे दोन ढीग करा आणि मगच दुकानाची पायरी चढा. झिजलेले नाणे काट्यावर ठेवून घ्या, झिजेइतके वजन कमी धरणे रास्त आहे.

काही सालांना हौशी संग्राहक चांदीच्या कितीतरी पट पैसे देतात. १९३९ चा रुपया त्यातला. तो दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकला फिरतात. यात्रेत, मंडईत, गाडीच्या डब्यात कोणी ‘दुर्मीळ नाणे’ म्हणून काही पुढे केले तर घेऊ नका. संग्राहकाचा बाजार वेगळा आहे, त्याला वेगळे ज्ञान लागते, आणि घामाचे पैसे ते ज्ञान शिकण्यात घालवू नयेत.

शिक्क्याचे काय? सोन्याच्या दागिन्यावर आता एचयूआयडी हा सहा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक लागतो; १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पण ज्या २०२० च्या आदेशाने हॉलमार्कची सक्ती आली, त्यातून सोन्याची लगड आणि नाणी वगळलेली होती. चांदीसाठी एचयूआयडी १ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाला, तोही ऐच्छिक. म्हणजे जे केवळ शुद्धतेसाठी घेतले जाते, त्या नाण्याच्या शुद्धतेची जबाबदारी कायद्याने घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेवली. हे मला अजिबात पटत नाही. सक्ती पहिल्यांदा नाण्यावर यायला हवी होती. ती येईपर्यंत ज्यावर शिक्का आहे असेच नाणे मागा, बीआयएस केअर ॲपवर क्रमांक टाकून तपासा, आणि पक्के बिल घ्या. बिलात वजन, शुद्धता, धातूचा भाव, मजुरी आणि जीएसटी या पाचही गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागा. ‘एकूण’ लिहिलेला कागद परत करा.

राहिली बँक. खात्यातले चुकारे जिथे येतात तिथेच नाणे मिळाले तर माणसाला विश्वास वाटतो, आणि बँकेचे नाणे चोख असते यात वाद नाही. पण ज्या बँका नाणी विकतात त्यांना ती परत घेण्याची रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. मोडायची वेळ आली की तेच नाणे घेऊन सराफाकडेच जावे लागते, आणि तिथे पाकिटाचे, छापाचे, बँकेच्या नावाचे काही मिळत नाही. ५ नोव्हेंबर २०१५ ला केंद्र सरकारने अशोकचक्र आणि गांधीजींची छबी असलेले स्वतःचे सोन्याचे नाणे काढले, पाच आणि दहा ग्रॅमचे, सरकारी टांकसाळीत पाडलेले. ते विकणाऱ्या एमएमटीसीने परत घेण्याची सोयही ठेवली होती. म्हणजे विकणाऱ्याने परत घेणे अशक्य नाही, ते करून दाखवलेले आहे. मग विकणाऱ्या प्रत्येक बँकेला परतीची मुभा द्या, किंवा बँकेत नाणे विकणेच बंद करा. आणि तोवर निदान पावतीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत एक ओळ छापणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे करावे: हे नाणे ही बँक परत घेणार नाही.