कार्डाची खाच परत द्या

फोनमधली मेमरी पुढे कुठवर जाणार? वर. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली, तेव्हा सगळे सेल एकाच पातळीत असत. सॅमसंगने २०१३ मध्ये २४ थर एकावर एक चढवले. आता थरांनी तीनशेचा आकडा ओलांडलाय. पूर्वी एका सेलमध्ये एक बिट बसे, आता तीन-चार बसवतात. त्याने जागा स्वस्त होते, पण पुसून पुन्हा लिहायची सेलची ताकद घटते. म्हणजे चिप झिजते. आणि झिजणारी हीच चिप कंपन्या बोर्डावर कायमची सोल्डर करून टाकतात!

कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर उभं राहा. पावसात भिजलेला फोन कारागीर उघडतो, बोर्डावर मीटर टेकवतो, मान हलवतो. ‘बोर्ड गेला.’ गिऱ्हाईक किंमत विचारत नाही, फोटो निघतील का ते विचारतं. चिप हीट मारून सोडवली तरी आतला मजकूर कुलूपबंद, आणि किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरमध्ये. चोरापासून बचावासाठी हे कुलूप हवंच. पण मग मालकाच्या फोटोंना बाहेर पडायला दुसरी वाट नको का?

ती वाट होती. नखाएवढं मेमरी कार्ड काढायचं, दुसऱ्या फोनमध्ये घालायचं. बहुतेक महागड्या फोनांमधून ती खाचच गेली. म्हणे, पाणी शिरतं. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२० ला कार्डाची खाचही होती आणि पाण्यापासून संरक्षणाचं आयपी६८ मानांकनही. पुढच्याच वर्षी एस२१ मधून खाच गायब! कार्ड हळू चालतं, हे खरं. ॲप आतल्या मेमरीत ठेवा. लेकराच्या बारशाच्या फोटोंना कसली घाई? खरा फायदा विक्रीचा आहे: १२८ जीबी भरले की जास्त मेमरीचा महाग फोन घ्या, नाहीतर क्लाउडचं भाडं महिन्याच्या महिन्याला भरा.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने मे २०२५ मध्ये मोबाइलच्या दुरुस्ती निर्देशांकाचा आराखडा दिला. कोणता फोन किती सहज दुरुस्त होतो, हे गिऱ्हाइकाला खरेदीआधी कळावं, हा त्याचा हेतू. फार चांगलं काम. त्यातल्या महत्त्वाच्या भागांच्या यादीत बॅटरी आहे, स्क्रीन आहे, कॅमेरा, चार्जिंग पोर्ट, बटणंसुद्धा आहेत. मेमरी नाही. बॅटरी शंभर मिळतील, बारशाचे फोटो पुन्हा मिळत नाहीत. ग्राहक व्यवहार विभागाने मेमरी त्या यादीत घालावी, आणि कार्डाची खाच नसलेल्या फोनचे गुण सरळ कापावेत.