बुडाला लागलेलं

मटणाच्या पंगतीत वाढपी फोडी घेऊन येतो तेव्हा जेवणारा माणूस फार सभ्य असतो. नको-नको म्हणतो, पानावर हात आडवा धरतो, अगदीच आग्रह झाला तर 'बरं, एकच' म्हणून मान्यता देतो. ही सभ्यता रश्श्याची बादली येईपर्यंत टिकते. बादली दिसली की तोच माणूस वाटी पुढे सरकवतो आणि वाढप्याला बजावतो, 'जरा ढवळून घाल रे, वरचं वरचं नको.' आमच्या साताऱ्याकडे कार्याच्या जेवणात मटण कमी पडलं तर लोक महागाईला बोल लावून गप्प बसतात. रस्सा कमी पडला तर तो विषय पुढच्या पिढीच्या सोयरिकीपर्यंत निघतो.

इंग्रजांच्या जेवणाला नावं ठेवणं हा तर आपल्याकडे स्वातंत्र्यलढ्याचाच राहिलेला भाग समजतात. तिखट नाही, मीठ नाही, उकडलेला बटाटा आणि कोरडं मांस, असं वर्णन करून आपण मोकळे होतो. असं म्हणणारा माणूस रविवारी दुपारी यॉर्कशायरमधल्या कुणाच्या घरी जेवलेला नसतो, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते. मला तो योग लेकीच्या लग्नामुळे आला. जावई लीड्सचा, आणि विहीणबाई त्या गावातल्या ग्रेव्हीच्या परंपरेतल्या.

तिकडेही मटणाचा वार रविवारच. आपल्याकडे सकाळी दुकानापुढे पिशव्या घेऊन रांग लागते, तिकडे पूर्वी लोक मांस भट्टीत ठेवून चर्चला जात आणि आल्यावर जेवायला बसत. एकाच वारी दोन्हीकडची माणसं इतकी श्रद्धाळू कशी होतात, यावर कुणीतरी लिहायला हवं.

मुळात हे भाजलेलं मांस, म्हणजे रोस्ट, भट्टीतलं नव्हेच. चुलाण्यासमोर सळईला मांस टोचून ती तासन्‌तास फिरवत राहायची, अशी जुनी रीत. फिरवायचं कुणी, हा प्रश्न जगातल्या सगळ्या स्वयंपाकघरांत असतो. इंग्रजांनी तो कुत्र्याच्या गळ्यात घातला. भिंतीवर उंच एक चाक बसवायचं, त्यात आखूड पायांचा, लांब अंगाचा कुत्रा सोडायचा. तो चालला की चाक फिरे आणि चाकाबरोबर सळई. ही जातच वेगळी होती. एकोणिसाव्या शतकात यंत्रं आली आणि ती नामशेष झाली. वेल्समधल्या ॲबरगेव्हनीच्या संग्रहालयात त्यांतला एक पेंढा भरून ठेवलेला आहे. तोंडासमोर मटण भाजलं जातंय आणि आपण चालतोय, चालतोय, पण पोचत नाही, असं आयुष्य काढलेल्या जिवाला पुतळा उभारायला हवा होता. पेंढ्यावर भागवलं.

सळईखाली एक पसरट भांडं ठेवत. त्यात चरबी आणि रस ठिबकत राही. ते ठिबकणं वाया जाऊ नये म्हणून त्याच भांड्यात दूध-अंडं-मैद्याचं पातळ पीठ ओतायची युक्ती निघाली. 1737 सालच्या एका पुस्तकात ती 'ड्रिपिंग पुडिंग' म्हणून येते, आणि 1747 मध्ये हॅना ग्लास नावाच्या बाईने आपल्या गाजलेल्या पाकपुस्तकात तिला यॉर्कशायरचं नाव दिलं. हे पुडिंग गोड नसतं. फुगलेलं, मध्ये खळगा असलेलं, कडेला कुरकुरीत. खळगा कशासाठी, तर ग्रेव्ही साठायला. गरिबाघरी आधी हे पुडिंग ग्रेव्हीत बुडवून पोटभर वाढायचं आणि मग मांस आणायचं, म्हणजे एवढंसं मांस सगळ्यांना पुरे. आपल्याकडे आधी भाकरी-रस्सा आणि फोडी शेवटी, हा हिशेब ज्या घरांत माणसं जास्त असतात तिथे कुणाला शिकवावा लागत नाही.

या हॅनाबाई मला फार आवडल्या. फ्रेंच आचाऱ्यांच्या उधळपट्टीवर त्यांचा भारी राग. फ्रेंच आचाऱ्याचा सॉस किती खर्चाचा असतो ते वाचा आणि बघा, अशा अर्थाचं शीर्षक देऊन त्यांनी एक अख्खं प्रकरण लिहिलं, आणि त्या प्रकरणात त्या खर्चिक पदार्थांच्या कृती व्यवस्थित दिल्या. शेजारणीच्या साडीला नावं ठेवता ठेवता पोत, काठ आणि दुकान सगळं विचारून घेणाऱ्या बायका मी पाहिलेल्या आहेत. ही त्यांची पूर्वज म्हणायची.

तर विहीणबाईंचं स्वयंपाकघर. माझ्यासाठी त्यांनी कोकराची तंगडी आणली होती. पुडिंग खरं म्हणजे गोमांसाच्या रोस्टबरोबरचं, पण यॉर्कशायरमध्ये ते कशाबरोबरही खातात आणि का म्हणून विचारलेलं त्यांना खपत नाही. तंगडी भट्टीतून निघाली, ताटात गेली, तिच्यावर चकचकीत कागद पांघरला, आणि तिला 'विश्रांती' देण्यात आली. दीड तास नुसतं पडून राहिलेल्या वस्तूला विश्रांती कसली, असं मला वाटलं. पण भाजल्या भाजल्या सुरी लावली तर रस ताटभर वाहतो, अर्धा तास थांबलं तर तो बराचसा आत राहतो. आणि दुसरं कारण जास्त खरं: हा अर्धा तास ग्रेव्हीचा असतो.

बटाटे आधी होतात, पुडिंगचं पीठ सकाळीच भिजतं. ग्रेव्हीला मात्र आधीचा मुहूर्त नाही, कारण तिचा माल मांस निघाल्याशिवाय हाती येत नाही. माणसं टेबलाशी बसलेली, कुणी सुऱ्यांना धार लावतंय, नातवंडं बटाटे पळवतायत, आणि घरची बाई एका हातात जळका ट्रे आणि दुसऱ्यात लाकडी चमचा घेऊन उभी. ज्या दहा मिनिटांत स्वयंपाकघरात सर्वांत जास्त गर्दी असते, त्याच दहा मिनिटांत सगळ्या जेवणाचा निकाल लागतो.

ट्रेमध्ये काय होतं, तर बोटभर चरबी आणि तिच्याखाली काळपट-तांबूस खरवड. कडेला लागलेला कांदा, अर्धवट जळलेली रोजमेरीची काडी. माझ्या हाताला घासणी आठवली. विहीणबाईंनी ट्रे तिरका धरला, वर आलेली चरबी चमच्याने काढून एका बरणीत टाकली (ती पुढच्या रविवारच्या बटाट्यांसाठी), दोन चमचे मागे ठेवली. ट्रे तसाच दोन शेगड्यांवर आडवा. चरबी तडतडल्यावर दोन चमचे मैदा पसरून टाकला आणि भाजला, कच्चा वास जाऊन बिस्किटासारखा वास येईपर्यंत. मग पाणी, तेही साधं नव्हे. गाजरं आणि कोबी उकडलेलं पाणी त्यांनी बाजूला काढून ठेवलं होतं. ते थोडं थोडं, अर्धा लिटरपर्यंत. पहिलं पाणी पडलं तेव्हा ट्रे असा काही चरचरला की बाहेरची मंडळी बोलायची थांबली. चमच्याने त्या बूड खरडत होत्या, आणि जे मी घासायला टाकणार होते ते सुटून पाण्यात विरघळत होतं. पाण्याचा रंग आधी मळकट, मग बदामी, मग पिकल्या चिंचेसारखा.

तिथे मला विहीणबाई पहिल्यांदा आपल्या वाटल्या. वाटण पातेल्यात काढल्यावर मिक्सरचं भांडं विसळून ते पाणी रश्श्यात जातं. ते मोरीत ओतणारी सून आमच्या आळीत अजून यायची आहे. मी खुणेनेच त्यांना शाबासकी दिली. त्यांनी खुणेनेच मला चमचा दिला.

खरवडीत एवढं असतं काय, ते 1912 साली लुई-कामीय मायार या फ्रेंच माणसाच्या हाती लागलं. त्याला स्वयंपाकाशी काही देणंघेणं नव्हतं. शरीरात प्रथिनं कशी घडतात याच्या मागे तो होता. साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवली तर मिश्रण तपकिरी होतं आणि नवेच वास उठतात, हे त्याने नोंदवलं. भाकरीचा पापुद्रा, भाजलेली कॉफी, परतलेला कांदा, सगळ्यांत हीच क्रिया. तिला जोर चढतो 140 अंशांच्या आसपास. पाणी शंभरावर उकळतं आणि तिथेच अडतं, म्हणून उकडलेलं मांस कितीही शिजवा, पांढरंफटक राहतं. ओल सुकली की मग रंग. ट्रेच्या बुडाशी काय होतं, तर मांसातून ठिबकलेला रस आटतो, सुकतो आणि पत्र्यावर तापत राहतो. तंगडीभर चव त्या दोन चमचे काळेपणात येऊन बसते. पाणी घालायचं ते ती सोडवून घ्यायला.

मांसाला आधी कडक आच दिली की रस आत कोंडला जातो, हे मत युस्टुस फॉन लीबिग या मोठ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1847 च्या सुमारास मांडलं आणि सगळ्या युरोपातल्या आचाऱ्यांनी उचललं. ते बरोबर नव्हतं. तव्यावर मांस चर्र करतं, तो आवाज रस बाहेर पडून त्याची वाफ होण्याचाच आहे. कोंडला असता तर तवा गप्प बसला असता. पण मांस चवीला छान लागत राहिलं, म्हणून बरीच वर्षं कुणी तक्रार केली नाही.

ज्यांच्या ट्रेला खरवड धरत नाही त्यांच्यासाठी 1908 मध्ये बिस्टो आलं. डब्यातली पूड पाण्यात कालवायची, रंग आणि दाटपणा दोन्ही तयार. योगायोग असा की त्याच 1908 मध्ये जपानात किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढून पाचव्या चवीला उमामी हे नाव दिलं. एकीकडे चवीचं मूळ सापडत होतं आणि दुसरीकडे ते शोधायचे श्रम वाचवायची सोय होत होती. मी पुडीची निंदा करणार नाही. सहा माणसांचा स्वयंपाक रोज एकटीने करणाऱ्या बाईला ग्रेव्हीच्या अस्सलपणावर व्याख्यान देणारा माणूस बहुतेक वेळा खुर्चीत बसलेला असतो. विहीणबाईंच्या कपाटातही तो डबा होता. मागच्या रांगेत, डाळीच्या पाकिटाआड, पण होता.

फ्रेंच लोक मैदा टाळतात. तव्यात वाइन ओतून खरडतात, निम्मं आटवतात, गॅस बंद करून थंड लोण्याचे तुकडे तवा हलवत हलवत विरघळवतात. लोणी उकळलं की फाटतं, म्हणून गॅस बंद. चार मिनिटांत चकचकीत सॉस तयार, आणि पुरतो दोघांना. यॉर्कशायरमध्ये आठ माणसं आणि शिवाय पुडिंगचे खळगे. तिथे हे परवडत नाही, आणि पंक्तीला नेहमीच दोन पानं जास्त धरणाऱ्या घरातून आल्यामुळे माझं मत मैद्याच्या बाजूने आहे. गुठळ्या होतात म्हणून लोक मैद्याला भितात, पण ज्या बाईने उकळत्या पाण्यात पीठ वैरून पिठलं केलंय तिने कशाला भ्यायचं? कोरड्या पिठावर एकदम गरम पाणी पडलं की वरचा थर शिजून कवच होतं आणि आत पीठ कोरडंच राहतं, ती गुठळी. पीठ आधी चरबीत नीट भिजवलं की कण सुटे राहतात. विहीणबाई तरी ग्रेव्ही शेवटी गाळूनच घेतात. ताटात तंगडीखाली साठलेला रस त्याआधी तिच्यात ओतायचा. मीठ सगळ्यांत शेवटी, कारण आटलं की खारट होतं.

मग त्यांनी एका बाटलीतून काळपट द्रव दोन थेंब टाकला. वूस्टरशर सॉस. चष्मा लावून मी लेबल वाचलं: व्हिनेगर, काकवी, अँकोव्ही नावाचे मासे, कांदा, लसूण आणि चक्क चिंच. मी लेकीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, 'आई, प्रत्येक गोष्टीत आपलं काय आहे ते शोधू नकोस.' पण बाटलीत चिंच होती, त्याला माझा इलाज नाही.

टेबलावर ग्रेव्ही होडीच्या आकाराच्या भांड्यातून येते. ही होडी हातोहात फिरते आणि प्रत्येक जण पुढच्याने किती घेतली इकडे डोळा ठेवून असतो. आमच्या ह्यांनी मांस, बटाटे, पुडिंग, गाजरं, सगळ्यावर सरसकट ओतली आणि उरलेली चमच्याने प्यायले. मी टेबलाखालून पाय मारला. पण व्याह्यांनी कौतुकाने मान हलवली आणि होडी पुन्हा भरून आणली. इंग्लंडच्या उत्तरेत बटाट्याच्या चिप्ससुद्धा ग्रेव्ही ओतून खातात, आणि दक्षिणेकडचे लोक त्यावरून नाक मुरडतात. कट आणि तर्रीवरून पुण्या-कोल्हापुरात चालतं तेच.

एका गोष्टीने मात्र या सगळ्यावर पाणी पडतं, ती म्हणजे न चिकटणारी भांडी. बुडाला काहीच लागत नाही ही त्यांची जाहिरात, आणि तेच त्यांचं वैगुण्य. लागलंच नाही तर सोडवायचं काय?

तेव्हा भट्टी नसली तरी अडत नाही. स्टीलची जाड बुडाची कढई घ्या. कोंबडीच्या तंगड्या पुसून कोरड्या करा आणि दाटी न करता कातडीची बाजू खाली ठेवून मध्यम आचेवर परता. दाटी झाली की त्या वाफेत उकडतात. तांबूस झाल्यावर थोडं पाणी घालून झाका, पुऱ्या शिजवा आणि पाणी आटू द्या. तंगड्या काढा, चमचाभर चरबी मागे ठेवा, चमचाभर कणीक भाजा, भाज्या उकडलेलं एक वाटी गरम पाणी घाला आणि उलथण्याने बूड खरडा. लोखंडी कढई असेल तर लिंबू किंवा चिंच तिच्यात घालू नका, काळं पडतं; वाढताना वाडग्यात पिळा. खरवड तांबूस-काळपट असावी. कोळशासारखी काळी झाली असेल तर ती कडू आहे, तिला कसलंही पाणी सुधारत नाही. ती मात्र घासायलाच टाका.