अहवाल ग्रामसभेत वाचा

कामशेतच्या दुकानात नव्या इंद्रायणी तांदळाचं पोतं उघडलं की वास आधी येतो, भाव नंतर विचारला जातो. नाव नदीचं, देणं मात्र विद्यापीठाचं.

महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळच्या केंद्रात आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांचा संकर झाला आणि 1987 मध्ये इंद्रायणी शेतकऱ्यांच्या हाती आली. आंबेमोहराला वास होता, पण वाढ उंच. पावसावाऱ्यात लोळायचा, उताराही कमी. आयआर 8 बुटका आणि भरघोस, पण बिनवासाचा. शास्त्रज्ञांनी दोघांतलं हवं ते जुळवलं. आज मावळात खाचरामागून खाचर इंद्रायणी उभी असते. गावाच्या कामी येणारं संशोधन म्हणतात ते हे.

दुसरं उदाहरण राबाचं. रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या रचून उन्हाळ्यात भाजायच्या, ही इथली जुनी रीत. त्यापायी उतारावरची झाडं बोडकी होतात. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीनं सोपी वाट दाखवली: वाफ्यात भाताच्या तुसाची राख मिसळा, चिखलणीआधी गिरिपुष्पाचा पाला घाला, ठरावीक अंतरावर लावणी करा, चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी खोचा. राखेतल्या सिलिकामुळे रोप कणखर होतं. पीकही राखलं जातं, झाडही.

विद्यार्थीही असेच गावाच्या कामी येऊ शकतात. कृषी महाविद्यालयांचे कृषीदूत आणि कृषीकन्या गावात येतात, देवळापुढं रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचं बी सोडतात. पोचट दाणे तरंगतात, भरलेले तळाशी बसतात. "आजी, तळाचं बी साध्या पाण्यानं दोनदा धुवा आणि सावलीत वाळवा." आजी तरंगलेला दाणा चिमटीत दाबते. आत काहीच नाही. तिला पटतं. मीठ घरातलं, बादली घरातली, शहाणपण कायमचं.

मग पर्यावरणाच्या प्रकल्पांचं काय होतं? हा विषय पदवीला सक्तीचा आहे, प्रकल्पही करावा लागतो. इंद्रायणी नदीचंच बघा. ती लोणावळ्याजवळ उगम पावते, कामशेत, देहू, आळंदीवरून जाते आणि तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत सांडपाणी पोटात घेते. आळंदीचा फेस साऱ्या महाराष्ट्रानं पाहिला आहे. पोरं पाण्याच्या बाटल्या भरून नेतात, विद्राव्य ऑक्सिजन मोजतात, तक्ते करतात. आणि कितीतरी अहवाल इंग्रजीत छापून, स्पायरल बाइंडिंग होऊन, मार्क घेऊन कपाटात जातात. ज्या बाईनं विहिरीतून नमुना काढून दिला, तिला ते पाणी पोराबाळांना पाजावं की नाही, हे कुणी सांगत नाही.

हा अन्याय आहे. पोरांचा दोष नाही. गावात परत जा, असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून प्राध्यापकांना कळकळीची विनंती. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरवण्याचा प्रघात आहे. त्यातली एक निवडा. निष्कर्ष मराठीत, एका पानावर लिहून घ्या आणि विद्यार्थ्याला दहा मिनिटं उभं करा. लोकांचे प्रश्न त्याला झेलू द्या. मार्क त्यानंतर द्या. सरपंचांनी ते पान ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. पाणी पिण्याजोगं नसेल, तर मात्र ग्रामसभेची वाट पाहू नका. त्याच दिवशी कळवा.

नमुना गावाचा आहे, तर निकालावर पहिला हक्कही गावाचाच.